काका, हीरो की व्हिलन?

आमच्या पुतण्याने शैक्षणिक व्हिडिओ करायचं मनावर घेतलं आहे. विषय : समुद्री चाचे. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर, म्हणून सल्लागार. मानधन एक कप चहा.

पहिल्याच बैठकीला स्वारी डोळ्यावर काळी पट्टी लावून आली. खांद्यावर प्लॅस्टिकचा पोपट. "काका, सुरुवातीला खजिन्याचा नकाशा, त्यावर लाल फुली." म्हटलं, बाबा रे, ही फुली लोकांच्या डोक्यात बसवली ती १८८३च्या 'ट्रेझर आयलंड' कादंबरीने. खरे चाचे लूट पुरत बसत नसत, बंदराला लागले की उडवून टाकत. आणि तू जो घोगरा आवाज काढतोयस तो १९५०च्या सिनेमातल्या रॉबर्ट न्यूटन या नटाचा. पुतण्याचा चेहरा पडला. "मग उरलं काय?" इतिहास उरला होता, पण त्याचं थंबनेल होत नव्हतं.

"बरं, भारतातलं काही?" १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज यात्रेकरूंसकट लुटलं. बादशहाचा राग निघाला सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांवर, एव्हरी मात्र कुणाला सापडलाच नाही. पुतण्या खूश. त्या उत्साहात त्याने पुढचं चित्र दाखवलं : कान्होजी आंग्रे, टोपीवर कवटी!

माझा चहा सांडला. अरे, छत्रपतींच्या आरमाराचे सरखेल ते! आमच्या पाण्यातून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. तेच पोर्तुगीज कार्ताझ या नावाने दोनशे वर्षं करत आले, तेव्हा तो कायदा. आंग्र्यांनी केली ती चाचेगिरी. ईस्ट इंडिया कंपनीने १७१८ला खांदेरीवर मार खाल्ला, १७२१ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर पुन्हा खाल्ला. मग कागदावर शिव्या लिहून ठेवल्या. पुढे त्याच शिव्यांचे संदर्भग्रंथ झाले. उलट पनामा लुटणारा हेन्री मॉर्गन 'सर' झाला, जमैकाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. सगळा खेळ खिशातल्या सरकारी कागदाचा.

"काका, फार गुंतागुंत आहे. दोन सेकंदांत सांगा, हीरो की व्हिलन?"

कोपऱ्यात एडिटिंग करणारी मुलगी बसली होती. तीन रात्री जागून तिने पोपटाचे पंख हलते केले होते. पैसे 'चॅनल मोठं झालं की' मिळणार होते. तिने विचारलं, "सर, जहाजावर काही नियम असायचे का?"

असायचे तर! बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याला खलाशांनीच कप्तान निवडलं होतं. त्याच्या जहाजाचा करारनामाच होता. लुटीत खलाशाचा एक वाटा, तर कप्तानाचे दोन, जास्त नाहीत. हात किंवा पाय गमावला तर सामाईक पेटीतून आठशे डॉलर भरपाई. वाजंत्र्यांना आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी. रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर प्यायची असेल तर वर डेकवर जाऊन.

"हे कापू या," पुतण्या म्हणाला, "बोअर आहे."

"कप्तानाचे दोनच?" मुलीने पुन्हा विचारलं. मी मान हलवली. तिने भिंतीकडे पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने लॅपटॉप मिटला, चार्जर गुंडाळला आणि चपला घातल्या.

"अगं, कुठे? आज अपलोड आहे!"

पट्टीमुळे त्याला घड्याळ दिसलं नसावं.