श्वानयुक्त बागकाम : चैत्रासाठी मार्गदर्शक सूचना

फाल्गुन सरत आला, ऊन चढू लागले की सुस्थितीतल्या माणसालाही बागकामाचा झटका येतो. घरात कुत्रे नसल्यास त्याला छंद म्हणतात. असल्यास तो संयुक्त प्रकल्प ठरतो आणि त्यात आपले पद कनिष्ठ असते. हे सुरुवातीलाच मान्य केले की पुढचा मनस्ताप वाचतो.

प्रथम जागेची पाहणी करावी. त्यासाठी टेप नको, खुर्ची टाकून बसावे. दूधवाल्याची सायकल वाजली की आपला मोत्या मागच्या दारातून कुंपणाला लागून फाटकापर्यंत कसा सुटतो, ते बघावे. ती त्याची वहिवाट. सातबारा कोणाच्या का नावाचा असेना, वहिवाटीवर वाफा घालू नये. घातलाच, तर त्यातून रोज सकाळी दूधवाल्याच्या निषेधार्थ मोर्चा जाईल.

साहित्य : भेंडी, गवार व काकडीचे बी, शेणखत, कोकोपीट, झारी आणि दोन खुरपी. दुसरे खुरपे आपल्याला वापरायला.

आता खड्डा. या विषयावर कुत्र्याचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा असतो. आपण उकिडवे बसून जमिनीत निशिगंधाचा कंद ठेवतो, माती सारखी करतो, हलकेच थोपटतो. मोत्या मान तिरकी करून सगळे पाहतो आणि त्यातून एकच निष्कर्ष निघतो : हाड पुरले आहे, आणि मालकाला पुरताही येत नाही. मग पुढचे पाय चालू होतात, माती मागच्या पायांमधून थेट आपल्या चष्म्यावर. मध्येच तो थांबतो, भोकात तोंड खुपसतो, शिंकतो, नाकाला चिकटलेल्या कोकोपीटसह आपल्याकडे वळून बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. अशा वेळी ओरडू नये. ओरडणे म्हणजे प्रोत्साहन, असा त्याचा समज आहे.

शिवाय उन्हाळ्यात त्याची बाजू न्याय्यही असते. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गाद्यांना; बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तेव्हा आपण नुकताच भिजवलेला वाफा त्याच्या लेखी कूलरच. उपाय एकच : सावलीत एक कोपरा त्याच्या नावे करावा, तिथे वाळू ओली ठेवावी आणि अधूनमधून एखादे खेळणे पुरावे. खोदकाम बंद होत नाही, स्थलांतरित होते. धोरणकर्त्यांना यापेक्षा मोठे यश सहसा मिळत नाही.

खतांच्या बाबतीत मात्र चेष्टा नाही. एरंडीची पेंड कुत्र्याला खाऊसारखी वाटते आणि तिच्यातल्या रिसिनने जीव जाऊ शकतो. त्या पेंडीत हाडांचा चुरा मिसळणे म्हणजे विषाला फोडणी देणे. ती घरात आणूच नये. कांद्याच्या सालींचे पाणी झाडांना घालणाऱ्यांनी बादली झाकावी, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर उठतात. कण्हेर, बिट्टी, सायकस ही मंडळी कुंपणाबाहेर शोभतात. गोगलगायींसाठीच्या गोळ्याही नकोत. पोटात काही गेल्याची शंका आली तरी घरगुती काढे न करता पिशवी किंवा पान बरोबर घेऊन पशुवैद्याकडे पळावे.

मूत्रसिंचनाबद्दल तक्रारी फार येतात. हिरवळीवर पिवळे गोल चट्टे दिसले की लोक कीड समजून औषध फवारतात. ती कीड नसते, नत्राचा जादा हप्ता असतो. लगेच झारीभर पाणी ओतले तर गवत वाचते. कोथिंबीर मात्र टांगत्या कुंडीतच लावावी. तुळशीवृंदावन कमरेएवढे उंच बांधण्यामागे जे काही शास्त्र असेल ते असो, कुत्रे पाळणाऱ्याला ते विनास्पष्टीकरण पटते.

काकडीचा वेल जाळीवर चढवावा. फळे धरू लागली की वाटपाचा प्रश्न येतो, कारण काकडी कुत्र्यांना आवडते आणि बाधत नाही. मोत्याच्या नाकाच्या उंचीला जाळीवर सुतळी बांधावी. सुतळीखालच्या काकड्या त्याच्या, वरच्या आपल्या. तो मागच्या पायांवर उभा राहायला शिकला, की सुतळी वर सरकवावी.