ऑप्शनला टाकलेलं गणित

मी डॉक्टर होणार हे दहावीच्या निकालाआधीच घरात ठरलं होतं. निकालाची फक्त संमती घ्यायची होती. नव्वदच्या दशकात पाटण खोऱ्यात डॉक्टर व्हायची पहिली पायरी म्हणजे अकरावीला सायन्स घेऊन गणित सोडणं. मेडिकलचा प्रवेश तेव्हा बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या ग्रुपिंगवर व्हायचा आणि गणिताचे मार्क त्यात धरतच नसत. मामांनी तर विषयच संपवला. "डॉक्टरला गणित कशाला लागतंय? फी मोजता आली की झालं." मी गणिताऐवजी भूगोल घेतला आणि त्या रात्री फार वर्षांनी शांत झोपलो.

पुढं बारावीत ग्रुपिंग असं आलं की डॉक्टर राहू द्या, एखाद्या दवाखान्यात केस पेपर काढायलाही मला कुणी उभं केलं नसतं. मग बीएस्सी. विषय केमिस्ट्री घेतला, कारण केमिस्ट्रीत गणित नसतं अशी माझी खात्रीलायक माहिती होती. ही माहिती मला हिंदी सिनेमांतून मिळाली होती. त्यांत पांढऱ्या कोटातला म्हातारा निळं पाणी हिरव्या पाण्यात ओततो, धूर निघतो आणि काम होतं. त्यानं कधी वर्गमूळ काढल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

रोज पाटणहून एस.टी.नं कऱ्हाडला जायचं. पहिल्याच आठवड्यात भौतिक रसायनाचं पुस्तक आणलं, मल्हारपेठेच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उघडलं, आणि पहिलं प्रकरण वाचून परत मिटलं. प्रकरण गणिताचं होतं. लॉगरिदम, घातांक, आलेखाचा चढ, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. मला वाटलं, दुकानदारानं चुकीचं पुस्तक बांधून दिलं. कव्हरवर केमिस्ट्रीच लिहिलेलं होतं.

डेरिव्हेटिव्हचं एक सोडून देऊ, ते अकरावी-बारावीचं. गंमत अशी की मी जिथं जिथं आपटलो, तिथलं बहुतेक गणित आठवी ते दहावीचं होतं. म्हणजे मी सोडायच्या आधीच ते शिकून झालं होतं. गणित सोडलं म्हणजे मागचंही माफ होतं असा माझा समज झाला होता, कर्जमाफीसारखा.

पहिला बळी गेला पेलाभर पाण्याचा. गणित सोपं होतं : १८० ग्रॅम पाण्यात रेणू किती? पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा, म्हणजे झाले १० मोल. त्याला ॲव्होगॅड्रोच्या संख्येनं गुणायचं. ही संख्या ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. मी सगळं बरोबर केलं, फक्त घाताच्या डोक्यावर एक उणे चिन्ह बसवलं, कारण रेणू फार लहान असतात हे मला माहीत होतं. सरांनी माझी वही वर्गात वाचून दाखवली. "यांच्या हिशोबानं," ते म्हणाले, "अख्ख्या पेल्यात मिळून एक रेणूसुद्धा पुरा भरत नाही. तहान लागली की हे नेमकं काय पितात?" वर्ग हसला. मीही हसलो. विनोद मला संध्याकाळी घाटमाथा दिसायला लागल्यावर कळला.

मग लॉग टेबल. बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नसे. तिथं हे पातळसं पुस्तक हाताशी असे, पण मी त्याचा उपयोग वारा घ्यायला जास्त केला होता. आता पीएच काढायला ते वाचायचं होतं, कारण पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा लॉग, चिन्ह उलटून. ०.०२ चा लॉग काढला की २.३०१० येतो, पण त्यातल्या दोनच्या डोक्यावर एक आडवी रेघ असते, तिला बार म्हणतात. मी सरळ हिशोब केला : बार म्हणजे उणे, उणे २.३०१०, म्हणून पीएच २.३. प्रत्यक्षात उणेपण फक्त त्या दोनाचं असतं. मागचा दशांश अधिकच राहतो. उणे दोन अधिक ०.३०१० म्हणजे उणे १.६९९, आणि पीएच १.७. बार नुसत्या दोनावर का आणि अख्ख्या संख्येवर का नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला ती छपाईची काटकसर वाटली.

प्रॅक्टिकलला मात्र मी निश्चिंत होतो. तिथं रंग होते. पहिलंच काम म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल द्रावण २५० मिलिलीटर करायचं. त्याचा तुल्यांकभार ६३. लिटरला ६.३ ग्रॅम, पाव लिटरला १.५७५. मी १५.७५ ग्रॅम तोललं. दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं, आणि एवढ्याशा टिंबाकडं कोण बघतंय! द्रावण दिसायला स्वच्छ, माझ्यासारखंच. मग त्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये घेतलं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडायला लागलो. गुलाबी रंग आला की थांबायचं.

रंग येईना. शेजारच्यांचा दहाच्या आसपास आला, त्यांनी रीडिंग लिहिलं, ब्युरेटी धुतल्या. माझी ५० मिलीची ब्युरेट संपली. पुन्हा भरली. फ्लास्क हलवून हलवून मनगट भरून आलं. मी फिनॉल्फ्थॅलिन शिळं असल्याची तक्रार केली. कॉस्टिक सोड्यावर संशय घेतला. कंपनीवरही घेतला. शेवटी लॅबमधले मामा आले. त्यांचं शिक्षण किती हे मला ठाऊक नाही, पण ही ब्युरेटीची रांग त्यांनी माझ्या जन्माआधीपासून पाहिलेली. फ्लास्ककडं बघून म्हणाले, "ॲसिड दसपट टाकलंसा जनू. भरा अजून, शंभराला ईल." शंभराला आला. मामांनी वजन केलं नव्हतं, वही पाहिली नव्हती, सूत्र लिहिलं नव्हतं. त्यांना फक्त प्रमाण ठाऊक होतं : तीव्रता गुणिले आकारमान, दोन्हीकडं सारखं. आमच्या पाठ्यपुस्तकात हे एन वन व्ही वन इज इक्वल टू एन टू व्ही टू असं चौकटीत छापलं होतं आणि मला तोंडपाठ होतं.

पण माझी खरी शोभा झाली ती घरी, आणि ती आजीनं केली.

आमच्याकडं धरणीचे धक्के नवे नाहीत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, साडेसहाच्या आसपासचा. आजीच्या काळाचे दोनच भाग होते, त्याच्या आधीचा आणि नंतरचा. पुढं लहानमोठे धक्के येतच राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा यायचा आणि पारावर त्यावर बोलणं व्हायचं. असाच एक साडेतीनचा झाला. मी भूगोलवाला, शिवाय सायन्सचा. आजीला समजावलं, "साडेसहाच्या मानानं हा साधारण निम्मा होता."

आजी हातातलं निवडणं थांबवून माझ्याकडं बघत राहिली. "निम्मा? आरं, तवा आख्खं घर बसलं. आज नुस्ती मांडणीवरची भांडी वाजली. निम्मा आसता तर निम्मं घर तरी पडाय नको?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांना माझ्यात थोडा रस वाटला. चार्ल्स रिश्टरनं १९३५ मध्ये जी मोजपट्टी केली तिचा एकेक आकडा म्हणजे कंपनाची उंची दहापट, असं त्यांनी सांगितलं. तीन आकडे म्हणजे हजारपट, आणि बाहेर पडणारी ऊर्जा तर तीस हजारपटीच्याही वर. "पीएचचंही तेच," ते म्हणाले. "डेन्मार्कच्या सोरेनसेननं १९०९ मध्ये, कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत काढलेली युक्ती. पीएच ३ आणि पीएच ६ मध्ये दुप्पट नसते, हजारपट असते. तुमच्या आजीला लॉग येतो. तुम्हाला कधी येणार?"

त्यानंतर मला लॉग यायला लागला असं लिहिलं तर छान होईल, पण मग पुढचं सांगता येणार नाही. चाचणी परीक्षेत प्रश्न होता : हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण, तीव्रता १० चा उणे ८ वा घात, पीएच काढा. मी एका ओळीत काढला. आठ! घाताचं उणे काढलं की झालं. पेपर पहिल्यांदा वेळेआधी दिला. सातच्या वर पीएच म्हणजे आम्लारी. पाण्यात ॲसिड ओतून मी ते अल्कली करून ठेवलं होतं, आणि ही किमया करताना मला जराही शंका आली नव्हती. एवढ्या पातळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन ॲसिडापेक्षा जास्त असतात. ते हिशोबात धरले की वर्गसमीकरण मांडावं लागतं, तेच दहावीचं, आणि उत्तर येतं ६.९८. सातच्या किंचित खाली, ॲसिडाची अब्रू राखून.

हे वर्गसमीकरण मी मग ईर्ष्येनं पाठ केलं. एस.टी.च्या तिकिटांच्या मागं सोडवलं. आणि वार्षिक प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. मी कागद ओढला, धडाधड मांडलं, दोन उत्तरं काढली, एकाखाली दोन रेघा मारल्या आणि दुसऱ्यावर काट.

"ही उणे किंमत का खोडली?" परीक्षकांनी विचारलं.

कारण मला माहीत नव्हतं. पुस्तकात खोडलेली होती म्हणून मी खोडली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "सर, उणे ॲसिड बाटलीत भरता येत नाही."

ते बराच वेळ हसले, शेजारच्या सरांना सांगून पुन्हा हसले आणि "जा" म्हणाले. हसून मार्क दिले की मार्क न देताच हसले, याचा काही अंदाज येईना. निकाल लागला तेव्हा प्रॅक्टिकलच्या रकान्यात चांगला दोन अंकी आकडा होता. मी मार्कलिस्ट खिडकीशी नेऊन त्या दोन अंकांच्या मध्ये टिंब नाही ना, ते नीट बघून घेतलं.