अधिक श्रावणातली थंडी

मराठी कादंबरीकाराचं पंचांग निराळं असतं. जग आंबे खात असतं तेव्हा त्याला दिवाळी अंकाचं आमंत्रण येतं. जग छत्र्या दुरुस्त करत असतं तेव्हा तो कागदावर आकाशकंदील टांगत असतो. खरी दिवाळी येते तेव्हा फराळाच्या ताटासमोर बसून मानधन कधी जमा होईल, याचा विचार करतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकांच्या पिढ्यान् पिढ्या भर पावसाळ्यात अभ्यंगस्नान करत आल्या आहेत. वाचकाला त्यात उटण्याचा वास येतो. लिहिताना लेखकाच्या नाकाशी मात्र न वाळलेला टॉवेल असतो.

2023 साली या गोंधळात अधिक महिन्याने भर घातली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडं. ही तूट साचत जाते आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास एक जादा महिना घालून आपण हिशेब मिटवतो. त्या साली तो नेमका श्रावणात पडला. 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक, त्यापुढे निज. घरोघरी घटनात्मक पेच उभा राहिला. सोमवार चार धरायचे की आठ? खाली पार्किंगमध्ये पुरुषमंडळींची वेगळीच बैठक बसली होती: गटारी एकदा करायची की दोनदा? पंचांगवाले घसा फोडून सांगत होते की व्रतं निज श्रावणातच करा. सासूबाईंनी मात्र आठही सोमवार धरले. “जास्तीचे झाले तर देव पुढच्या वर्षी वळते करून घेईल,” म्हणाल्या.

मला अधिक महिना आवडतो, तो शुद्ध स्वार्थापोटी. आदल्या वर्षीचं लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, त्या वर्षीचं 12 नोव्हेंबरला. म्हणजे 19 दिवस घसघशीत पदरात. मी संपादकांना फोन करून हा खगोलशास्त्रीय मुद्दा मांडला.

“अधिक महिना छापखान्याला लागू नाही,” ते म्हणाले. “मजकूर 15 ऑगस्टपर्यंत हवा. आणि हो, कथानक चांगलंय, पण वातावरणात जरा थंडी टाका. दिवाळीत वाचायचंय लोकांना.”

आता पुण्यात जुलैअखेर थंडी कुठून आणायची? फ्रीज उघडून बसलो तर बायको ओरडते. तेव्हा पाचगणीला जायचं ठरलं. थंड हवेचं ठिकाण म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, ते सरकारने अजून काढलेलं नाही.

मी लिहायला जाणार म्हणजे एकटा जाणार, अशी माझी समजूत होती. बायकोने तिची बॅग माझ्या बॅगेशेजारी आणून ठेवली आणि “अहो, आईही येतेय” एवढंच सांगितलं. सासूबाईंचंही कारण बिनतोड होतं. अधिक महिन्यात जावयाला विष्णू मानून 33 अनारशांचं वाण द्यायचं असतं. महिना निम्मा सरत आला आणि विष्णू डोंगरावर निघाले, तर वाणालाही डोंगर चढणं भाग होतं. एकही अनारसा तुपात हसला नव्हता, याचा सासूबाईंना रास्त अभिमान होता. स्टीलचा तो डबा त्यांनी मांडीवर घेतला तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

स्वारगेटहून एसटी निघाली. कात्रजचा बोगदा मागे पडल्यावर कंडक्टर आले. सासूबाईंनी आधार कार्ड झेंड्यासारखं उंच धरलं.

“आजी 78. फ्री,” कंडक्टर म्हणाले. मग बायकोकडे पाहून “महिला. हाफ.” आणि माझ्याकडे वळून, सहानुभूतीने, “तुमचं फुल्ल.”

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात, अशा दोन्ही सवलती मला मनापासून मान्य आहेत. पण दोन सवलतींच्या मध्ये बसून पूर्ण तिकीट काढणारा पुरुष हा मराठी कादंबरीने अजून हाताळलेला विषय नाही. सासूबाई समोरच्या बाईला सांगत होत्या, “जावईबापूंनी आणलंय हो आम्हाला. खर्चाला मागेपुढे पाहत नाहीत.”

खंबाटकी चढून गाडी सुरूरच्या फाट्यावरून आत वळली की वाई येते. इतरांना वाईत ढोल्या गणपती आठवतो, मला इथे तयार झालेला मराठी विश्वकोश आठवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली 1960 साली हे काम हाती घेणारं मंडळ स्थापन झालं आणि विश्वकोशाचा पहिला खंड आला 1976 साली. सोळा वर्षं! या गावावरून जाताना मी मनोमन हात जोडतो. अशा भारदस्त विलंबाची परंपरा असलेल्या भाषेत मला 15 ऑगस्ट दाखवला जातो, याचं वाईट वाटतं.

पसरणी घाटात ढग खिडकीतून आत आले आणि पाचगणीत ते आमच्या आधीच उतरले. संध्याकाळी दरी बघायला गेलो. दरी नव्हती. धुकं होतं आणि धुक्यात एक घोडेवाला होता.

“साहेब, ह्ये समोर कृष्णेचं खोरं. डाव्या हाताला धोमचं धरण. लई भारी दिसतं.”

“कुठे?”

“म्हंजे दिसतं तवा.”

सासूबाईंनी पांढऱ्या पडद्याला भक्तिभावाने नमस्कार केला. “कृष्णामाई आहे ना तिथे? मग झालं.” बायकोने त्याच पडद्यापुढे माझे फोटो काढले. ते आमच्या पार्किंगमध्ये काढले असते तरी चाललं असतं, फक्त पांढरी चादर लागली असती.

थंडी म्हणावी तर नव्हती, ओल होती. गादी ओली, उशी ओली, काडेपेटी ओली, कागद इतका ओला की ‘थ’ लिहिला तर त्याचा ‘य’ व्हायचा. नायिकेला मी शाल पांघरायला देत होतो आणि माझ्या अंगावर घाम व पाऊस यांचं संयुक्त सरकार होतं. बायको तोवर सुट्टीच्या कामाला लागली होती. आमच्याकडे सुट्टी म्हणजे घरची सगळी कामं अपुऱ्या भांड्यांनिशी करणं. लॉजच्या बादलीत कपडे, पंख्याच्या वाऱ्यावर मोजे, खिडकीच्या गजाला पंचा. सोमवार असल्याने सासूबाईंची साबुदाण्याची खिचडी करायला ती लॉजच्या स्वयंपाकघरातही जाऊन आली आणि येताना आचाऱ्याला दाण्याच्या कुटाचं प्रमाण शिकवून आली.

“लिहून झालं का?” तिने विचारलं.

“थंडी सापडत नाही.”

“मग दुसऱ्यांची पुस्तकं बघा. त्यांनी कुठे ठेवलीय ते कळेल.”

त्यामुळे दुसऱ्या दिवशी भिलारला गेलो. 2017 च्या मे महिन्यात हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतलेली. तिथे पुस्तकांची दुकानं आहेत, इथे मात्र गावकऱ्यांनी आपल्या घरांतच पुस्तकांना जागा दिली. एका घरी कविता, एका घरी इतिहास, एका घरी बालसाहित्य. आपण जायचं, चपला काढायच्या, खुर्ची ओढायची आणि वाचायचं. लेखकाला असं घर फार अवघड जातं. बाहेरच्या दालनात साहित्य आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज. आणि तो आवाज कुठल्याही शैलीपेक्षा सरस.

कादंबऱ्यांच्या घरात मावशींनी आम्हाला चहा दिला. सासूबाईंनी डबा मांडीवर ठेवूनच माझी ओळख करून दिली.

“लिव्हता व्हय?” मावशी म्हणाल्या. “मग ह्यातलं तुमचं कुठलं?”

“त्यांचं दिवाळीत यायचंय अजून,” बायको म्हणाली.

“म्हंजे आमच्या स्ट्रॉबेरीवानी. आत्ता पावसात रोपं जपायची, गणपतीच्या पुढंमागं लावायची, अन् खायची थंडीत.” मावशींनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. “पण आमचं बरं हाय. रोप मेलं तर दुसरं लावतो.”

मी धीर करून थंडीचं विचारलं.

“थंडी व्हय? ती डिसेंबरात असती. तवा या की.”

इतकं सोपं उत्तर मला कुठल्याच कादंबरीत सापडलं नसतं. सगळा महाराष्ट्र ज्या ऋतूत आहे त्याच ऋतूत राहतो, फक्त शेतकरी आणि लेखक एक ऋतू पुढे राहतात. त्यातल्या शेतकऱ्याला निदान जमिनीत ओल लागते, मला ती कागदात मिळाली होती.

वाण त्याच घरात झालं. मावशींनी पाट दिला, समई दिली, हळदकुंकू दिलं. 56 वर्षांचा विष्णू कादंबऱ्यांच्या कपाटाला पाठ लावून बसला. सासूबाईंनी औक्षण केलं आणि डबा उघडला. दमट हवेने अनारसे मऊ पडले होते. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग मोजू लागल्या. 33 भरले. मावशींनी एक चाखला आणि म्हणाल्या, “आजी, लुसलुशीत झाल्यात. मला बिनदातीला असंच पायजे.” विष्णूने तिथल्या तिथे निम्मं वाण घरात वाटून टाकलं आणि सासूबाईंचा चेहरा उजळला.

परतताना त्या म्हणाल्या, “जावईबापू, आता पुढचा अधिक महिना 2026 ला. अधिक ज्येष्ठ. मे महिन्यात लागेल, तेव्हा कोकणात जाऊ. अनारशांबरोबर आंबे. आणि घाई करू नका हो, कादंबरी तोवर संपवलीत तरी चालेल.”

मराठी साहित्याच्या इतिहासात एवढी उदार मुदत कुठल्याही संपादकाने कुणाला दिलेली नसेल. मी तत्काळ होकार दिला. बायकोने खिडकीबाहेर पाहत विचारलं, “अहो, पण तोवर तुमचं तिकीट फुल्लच असेल ना?”