नळ घरीच दुरुस्त कसा करावा, आणि मग प्लंबर कसा बोलवावा

साहित्य: गळणारा एक नळ, रविवारची सकाळ, दोन व्हिडिओ बघून आलेला आत्मविश्वास. पाना शेजारी मिळतो. पान्याबरोबर शेजारीही येतो, त्याला इलाज नाही.

सुरुवातीला प्लंबरला फोन करायचा नाही. तो 'अर्ध्या तासात येतो' म्हणेल, आणि हा अर्धा तास आजवर कुठल्याही घड्याळात मावलेला नाही. शिवाय किरकोळ वायसर बदलायचे एवढे पैसे? त्यापेक्षा सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाचे 86,400 थेंब, हा हिशोब घरच्यांना ऐकवा आणि बाह्या सरसावा.

नळाची जात आधी ओळखून घ्या. चार-पाच वेळा गरागरा फिरवल्यावर बंद होत असेल तर तो जुन्या वळणाचा. आत स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो आणि तो झिजला की नळ गळतो. पाव फेऱ्यात उघडमीट होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथे अख्खं स्पिंडलच बदलतात. ही माहिती नळ खोलण्याआधीची आहे. बहुतेक लोक ती वायसर आणल्यावर वाचतात.

आता पाणी बंद करा. वाक्य चार शब्दांचं आहे, पण सगळी विद्या इथेच अडते. बाथरूमच्या माळ्यावरचा गेट व्हॉल्व्ह ताबा घेतल्यापासून कुणी फिरवलेला नसतो. तो एकतर जाम असतो, नाहीतर छान फिरतो आणि पाणी चालूच राहतं. मग गच्चीवर जावं लागतं. टाकीखाली व्हॉल्व्हची रांग असते. कुठला कुणाचा हे ज्याला ठाऊक होतं तो वॉचमन नोकरी सोडून गेलेला असतो. एक बंद करा आणि कान द्या. आरडाओरडा आपल्या घरातून झाला तर व्हॉल्व्ह बरोबर. चौथ्या मजल्यावरून झाला तर तो उघडा, डोक्याला शिकेकाई लावून बसलेल्या काकूंची खालूनच माफी मागा आणि पुढचा धरा.

एव्हाना नळ बदलायचाच ठरलेला असतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जा. जाताना पट्टीने आटे मोजू नका. अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास 21 मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. डब्यावर 15 एमएम छापलेलं असतं आणि दुकानदार त्याला अर्धा इंचीच म्हणतो. तिघेही बरोबर असतात. 'लाइन जीआय की सीपीव्हीसी? एक्स्टेंशन एक इंची की दीड?' असं त्याने विचारलं तर न बोलता जुना नळ काउंटरवर ठेवा. या व्यवसायात हीच खरी मातृभाषा.

टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. नळ फिरवत बसवा. तोटी खाली यायला हवी, पण ती भिंतीकडे बघत थांबेल. मागे फिरवलात तर टेपची पकड जाते आणि गळती लागते. म्हणून पुढेच, अजून थोडा जोर लावून. 'कट्' असा आवाज येईल. भिंतीच्या आत एक्स्टेंशनचा आटा तुटला.

आता प्लंबरला फोन करा.

तो येईल तेव्हा त्याच्या हातात एक मळकी पिशवी असेल, बस्स. मुंबई-पुण्यातच काय, देशभरात ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले प्लंबर भेटतात. पट्टामुंडईला या कामाची सरकारी प्रशिक्षण संस्थाही आहे. तेव्हा त्याला व्हिडिओतलं काही सांगू नका. तो आधी कशालाच हात लावत नाही, नुसता बघतो. मग हॅक्सॉचं तुटकं पातं काढतो, त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळतो आणि भिंतीत अडकलेल्या एक्स्टेंशनच्या पितळी तुकड्याला आतून दोन खाचा पाडतो. बाहेरचे आटे कापले जाऊ नयेत इतपतच. ते गेले तर टाइल फोडावी लागते, आणि त्याच डिझाइनची टाइल बाजारात कधीच मिळत नाही. खाचेत जाड पेचकस अडकवून तो उलटा फिरवला की तुकडा निमूट बाहेर येतो. 'एवढंच होतं?' हे वाक्य या क्षणी तोंडून निघता कामा नये. त्याने दर वाढतो.

जाताना तो तुमच्या टेपचा गोळा चिमटीत धरून विचारेल, "साहब, ये किसने किया था?"

बिनदिक्कत आधीच्या प्लंबरचं नाव घ्या. फक्त मागच्या वेळी हाच आला नव्हता ना, तेवढं आठवून बघा.