कामगिरी सुधारा, पण मतदार सांभाळून

उसाच्या पट्ट्यात हल्ली एक नवं पीक जोमात आहे: प्रशिक्षण शिबिर. पुण्याहून टायवाले सर येतात, पडद्यावर बाण दाखवतात आणि कारखान्याच्या खातेप्रमुखांना समजावतात, ‘कामगारावर ओरडू नका. त्याच्याशी बोला, त्याला त्याची बलस्थानं दाखवा.’

बलस्थानं? सणसर-भवानीनगरच्या पंचक्रोशीत ती कामगाराला तोंडपाठ असतात. वडील सभासद, चुलता गटाचा म्होरक्या, मेहुणा मागच्या पंचवार्षिकला पॅनेलचा पोलिंग एजंट. वजनकाट्यावर डुलकी काढणाऱ्याला साहेबांनी हटकलं, की तो डोळे चोळत म्हणतो, “नोटीस काढा की साहेब. आमच्या म्हाताऱ्याचा शेअर तुमच्या नोकरीपेक्षा जुना हाय.”

त्याचं काही चुकत नाही. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. त्या मतावर संचालक निवडून येतात, संचालक अध्यक्ष निवडतात, मंडळ एमडींना नेमतं आणि एमडी नोटीस काढतात. नोटीस जाऊन पोचते ती नेमकी त्या मताच्या उंबऱ्यावर. संध्याकाळी एमडींचा फोन वाजतो. ‘जरा सबुरीनं घ्या, निवडणूक तोंडावर आहे.’ निवडणूक पाच वर्षांनी एकदा होते. तोंडावर मात्र ती कायम असते.

समजा, एखाद्या साहेबानं छाती करून निलंबित केलंच. पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो, चौकशी रेंगाळली की पाऊणपट. कायदा रास्तच आहे, निर्दोष माणूस उपाशी मरू नये. पण चौकशी रेंगाळतेच, कारण चौकशी अधिकाऱ्याच्या उसालाही वेळेवर तोड हवी असते. तेवढ्यात आमचा गडी आडसालीची बांधणी उरकतो आणि हार घालून घेत कामावर हजर होतो. इमानदारीत तीन पाळ्या ओढणारा हंगामी कामगार हे बघत असतो. त्याचं प्रशिक्षण तिथंच पूर्ण होतं, फी न भरता.

बरं, शिस्त या मातीला परकी म्हणावी, तर तेही नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. घोडे धावतात, कुणी आडवं येत नाही. पलीकडच्या वाटेनं जाणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात तर तळावर चोपदारानं दंड उंचावला, की अफाट समाज चिडीचूप होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात आणि तिथल्या तिथं निवाडा होतो. ना कारणे दाखवा, ना मूल्यमापनाचा तक्ता. आणि टाळ वाजवणाऱ्याचा मेहुणा कोण, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा संचालक मंडळाला एक विनंती. पुढच्या शिबिराचं बिल मंजूर करण्याआधी ठराव एवढाच करा: नोटीस निघाल्यावर संचालकानं फोन उचलायचा नाही. सूचक-अनुमोदक मिळाले, तर सदरात नावानिशी छापू.