ताण लेण्यांनी घ्यावा

सलग सुट्ट्या दिसू लागल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना आपल्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. ऐतिहासिक स्थळी जा, पण तणावमुक्त जा, असा सल्ला येतो. पाठोपाठ लवकर निघा, तिकीट आधी काढा, टोपी घाला, पाणी न्या, गर्दीची वेळ टाळा, ही पोटकलमं येतात. यातलं एकही कलम चुकीचं नाही. फक्त या सगळ्या योजनेत ताण येऊ शकणारा जीव एकच, तो म्हणजे तिकीट काढणारा, असं धरलेलं असतं. जे बघायला जायचं त्याला ताण येत नाही, कारण तो दगड आहे. मुंबईच्या उपनगरांनी हेच तत्त्व पार टोकाला नेऊन दाखवलं आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या पट्ट्यात महाकाली, जोगेश्वरी, मागाठाणे, मंडपेश्वर आणि कान्हेरी अशी पाच ठिकाणची लेणी आहेत आणि पाचही ठिकाणी व्यवहार ठरलेला आहे: मोकळेपणा आपला, ताण लेण्यांचा. या सदराचं म्हणणं एवढंच की पुरातन स्थळाच्या भेटीतला ताण कधी नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी माथी जातो, आणि तणावमुक्त सहलीचं नियोजन म्हणजे तो कुणाच्या माथी मारायचा याचं नियोजन.

आधी लोकप्रिय स्थळ घेऊ, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या आतली कान्हेरी. तिथे पोचण्याचा त्रास सरकारने बराच कमी केला आहे. जानेवारी २०२३ पासून मेट्रो ७ गुंदवलीपासून दहिसर पूर्वेपर्यंत पूर्ण धावते आणि तिच्यावर जोगेश्वरी पूर्व, मागाठाणे आणि राष्ट्रीय उद्यान अशी तीन स्थानकं आहेत. घाटकोपरकराने मेट्रो १ पकडावी, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकात उतरून पुलावरून गुंदवलीला यावं, की तीन लेण्यांचा प्रदेश एका मार्गावर आला. गैरसोय उरली ती मुलुंडकराची. तो राष्ट्रीय उद्यानाच्या पाठीला पाठ लावून राहतो. कान्हेरीचा डोंगर त्याच्यापासून हवाई अंतराने पाच-सहा किलोमीटर, पण मध्ये जंगल आणि जंगलात बिबटे, म्हणून त्याला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा नाहीतर घोडबंदरचा वळसा. त्यावरही उपाय निघाला आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाच्या पोटातून बोगदे काढायचं ठरलं आहे, म्हणजे मुलुंडकराचा ताण थेट डोंगराच्या नावे वर्ग होईल. एवढं सगळं असूनही रविवारी उद्यानाच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागतेच. मग तक्रारी सुरू होतात: फाटकावर वनखात्याचं तिकीट घेतलं, तर आत पुरातत्त्व सर्वेक्षणाचं वेगळं कशाला? लेणी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कुणी खोदली? आणि सोमवारी बंद ठेवायला हे काय सलून आहे?

लेणी इतक्या आत कुणी खोदली, याचं उत्तर शिलालेखांतच आहे, कारण ज्यांनी खर्च केला त्यांनी आपली नावंगावं लिहून ठेवली. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथले व्यापारी, त्यांच्या घरच्या बायका, भिक्षू, भिक्षुणी अशांनी दिलेल्या दानातून साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं हा डोंगर खोदला जात होता, आणि लेण्यांची संख्या शंभराच्या वर गेली. हे दाते आपल्यापेक्षा पक्के नियोजक होते. नुसतं लेणं कोरून ते थांबले नाहीत. पाण्याचं टाकं हवं, बसायला दगडी बाक हवा, भिक्षूंना चीवरं मिळत राहावीत म्हणून ज्याच्या मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही असा कायमचा ठेव-निधी हवा, हे सारं त्यांनी दगडावर नोंदवून ठेवलं. पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यांत उतरवायची व्यवस्था अख्ख्या डोंगरावर केलेली आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातल्या लेखात ग्रंथांसाठी दिलेल्या रकमेचीही नोंद सापडते. म्हणजे पुस्तकांची तरतूद दगडात कोरलेली होती. कुठल्याही महापालिकेच्या अर्थसंकल्पात ती एवढी टिकाऊ असेल असं वाटत नाही. या सगळ्यात राहणाऱ्याची सोय आहे, येणाऱ्याची सोय आहे, आणि त्या सोयीचा भार कुणी उचलायचा तेही नावानिशी लिहिलेलं आहे. आपल्या नियोजनात नेमकं हे शेवटचं कलम गळतं. डबा, स्पीकर, चटई, बदलायचे कपडे, सगळं आठवणीने घेतलं जातं. वेफरचं रिकामं पाकीट परत कोण नेणार, याबद्दल यादीत अवाक्षर नसतं. ते काम माकडांकडे जातं. माकडं ते चोख बजावतात, पाकीट रिकामं व्हायचीही वाट बघत नाहीत, आणि मग 'इथे माकडांचा फार त्रास' अशी तक्रार करायला आपण मोकळे.

इथे एक चतुर आक्षेप नेहमी येतो. आज प्रेमिकांनी भिंतीवर कोरलेली नावं तुम्हाला विटंबना वाटतात, पण हजार वर्षांनी तोच इतिहास ठरणार नाही कशावरून? आक्षेपाला पुरावाही आहे, आणि तो कान्हेरीतच आहे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं तिथे कोरली. आज अभ्यासक त्यांची पारायणं करतात. मग रविवारच्या पाहुण्यांनी तेवढा काय गुन्हा केला? फरक दिसतो तो असा. त्या मंडळींनी दिवस, महिना, यज्दगर्दी सन आणि येणाऱ्यांची नावं वडिलांच्या नावासकट दिली; पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशी वस्तीचा इतका जुना आणि नेमक्या तारखेचा पुरावा त्यामुळे हाती लागला. बाण घुसलेल्या बदामात आणि दोन आद्याक्षरांत भावी संशोधकाला तारीख मिळत नाही, गाव मिळत नाही, आडनाव तर मुद्दामच लपवलेलं असतं. आणखी एक बारकावा. ते पारशी आले ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस ओसरल्यावर, दगड कोरडा झाल्यावर. ऐन जुलैत शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ओढ्यात उड्या मारायला जाणाऱ्यांना हा हजार वर्षांपूर्वीचा प्रवास-सल्ला कुणीतरी वाचून दाखवायला हवा. अर्थात त्या लेखांनी कोरण्याचा परवाना दिला असं नाही. तेव्हा ही लेणी संरक्षित नव्हती, आज आहेत. कायद्याने तसं लिहूनही ठेवलं आहे, मराठीत, इंग्रजीत, निळ्या पाटीवर. त्या पाटीवरही नावं कोरलेली आढळली तर आश्चर्य नको.

आता खऱ्या तणावमुक्तीकडे वळू. गर्दी नको, रांग नको, माकडं नकोत, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी उरलेली चार लेणी आहेत. अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजे जुन्या कोंडिवटे गावची एकोणीस बौद्ध लेणी. महाकाली केव्हज रोड हा पत्ता अंधेरीत असंख्य लेटरहेडांवर आहे. त्या पत्त्यावरच्या माणसांपैकी किती जण रस्ता जिथे संपतो तिथवर गेले आहेत, याची गणना होऊ नये हेच बरं. इथलं नऊ क्रमांकाचं लेणं पाहावं. आत गोल झोपडीसारखी घुमटाची खोली, तिच्यात स्तूप, भिंतीला दगडी जाळ्या. असा आराखडा पाहायला एरवी थेट बिहारात बराबरच्या डोंगरात जावं लागतं. जोगेश्वरीचं शैव लेणं सहाव्या शतकातलं, देशातल्या सर्वांत मोठ्या लेणी-मंदिरांत गणलं जाणारं. तिथे जायचं तर जिना उतरून खाली जावं लागतं, कारण शहर वर वाढलं. लेण्याच्या माथ्यावर आणि कडेला वस्ती चढली, सांडपाणी आत झिरपलं, शिल्पांचे चेहरे गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. महाशिवरात्र सोडली तर पाहुण्याला तिथे काडीचा ताण नाही. बोरिवली पश्चिमेचं मंडपेश्वर तर ताण घेण्यात मुरलेलं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी शिवमंदिराचं चर्च केलं, माथ्यावर मठ बांधला. अठराव्या शतकात मराठ्यांनी साष्टी घेतली, पूजा परतली. नटराज तिथे आहे, दगडात कोरलेला क्रूसही आहे, वर मठाची पडकी भिंतही आहे. कुणी आलं काय आणि गेलं काय. राहता राहिलं मागाठाणे. त्या गावातलं शेत कान्हेरीच्या भिक्षूंसाठी दान दिल्याचा उल्लेख अभ्यासकांना कान्हेरीच्याच शिलालेखात सापडतो. आज स्थानकाचं नाव मेट्रोत दिवसभर पुकारलं जातं, आणि लेणी घरांच्या गर्दीत शोधावी लागतात. तिथे गर्दी लेणी पाहायला नसते, राहायला असते.

यावर गंभीर आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेण्यांच्या माथ्यावर घर बांधणाऱ्याला दुसरीकडे जागा होती का? पुरातन वास्तूंविषयीचा कायदा १९५८ चा; २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी कायद्यातच आली आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. झोपडीवाला या वर्तुळात आला तेव्हा त्याच्या हातात नकाशा नव्हता. जुन्या चाळीत राहणाऱ्याची तर दुहेरी कोंडी: शेजारच्या गल्लीत पुनर्विकासाचा टॉवर उठतो आणि आपल्या गळक्या इमारतीची डागडुजी करायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. या माणसाला वारसाप्रेमाचं व्याख्यान देणं हा उद्धटपणा आहे. पण या आक्षेपाने आमचं म्हणणं खोडलं जात नाही, उलट पक्कं होतं. शहराला घरांचा प्रश्न सोडवायचा ताण नको होता. तो त्याने गरिबाकडे ढकलला, गरिबाने नाइलाजाने लेण्याकडे. लेण्याखाली कुणी नव्हतं, म्हणून साखळी तिथे थांबली. शंभर मीटरच्या वर्तुळात राहणाऱ्याला योग्य जागी योग्य घर दिल्याशिवाय ही साखळी उलटी फिरणार नाही, आणि हे काम वारसा सप्ताहात पणत्या लावून होत नाही. हे ज्यांना करायचं त्यांनी आजवर नवे फलक लावले आहेत. फलक स्वच्छ आहेत, एवढं मान्य करायला हवं.

मग उपाय काय? इतरत्र लोकांनी ताण उलट्या दिशेला ढकलला आहे, म्हणजे पाहुण्याकडे. फ्रान्सने लास्को गुहेतली चित्रं माणसांच्या श्वासाने बिघडताना पाहिली आणि १९६३ मध्ये गुहाच बंद केली. १९८३ पासून लोक शेजारची प्रतिकृती रांग लावून बघतात. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर २०२३ पासून दिवसाला वीस हजारांची मर्यादा आणि वेळेचं तिकीट. लांब कशाला, आपल्याच अजिंठ्याला गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर सोडून बसने जावं लागतं आणि चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. यात्रेकरू कुरकुरतो, पण जातो. तेव्हा कान्हेरीसाठी या सदराचा मूळ प्रस्ताव असा होता की साप्ताहिक सुट्टी सोमवारवरून रविवारवर आणावी. ज्याला खरंच पाहायचं आहे तो रजा टाकून येईल. प्रस्ताव मागे घेतला आहे. कारण दुकानात, कारखान्यात, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्यांना रविवारशिवाय दिवस नाही, आणि रजा टाकू शकणारा वर्ग ती सहसा अलिबागच्या नावाने टाकतो. तेव्हा कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या ओसरीतल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धांसमोर उभं राहायचा पहिला हक्क राबणाऱ्यांचाच.

त्याऐवजी दोनच मागण्या. खाण्याचे डबे फाटकावर ठेवून जावं. माकडांचा प्रश्न निम्मा तिथेच मिटेल. आणि खासगी गाडी आत नको: म्हातारीकोतारी, लहान मुलं, अपंग यांना बस, बाकीच्यांनी चालावं. एवढं चालणार कोण, हा आक्षेप लगेच येईल, म्हणून आकडा डोळ्यांपुढे असू द्या: जाणं सहा-सात किलोमीटर, येणं तेवढंच, वाटेत झाडी. उद्यानात रोज पहाटे पास काढून फिरणारी मंडळी कितीतरी आहेत, आणि महामार्गापलीकडच्या वातानुकूलित व्यायामशाळांत हेच अंतर महिन्याची फी भरून पट्ट्यावर तुडवणारेही कमी नाहीत. चालायला उपनगराची ना नाही. चालून कुठे पोचायचं नसावं, एवढीच त्याची अट असते.