सहा आणि तीन मिळून दोन

दहावीच्या शिकवणीत हमखास येणारी एक आकृती आहे. 12 व्होल्टची बॅटरी, पुढे 2 ओहमचा रोध, मग रस्त्याला दोन फाटे. एकावर 6 ओहम, दुसऱ्यावर 3. खाली प्रश्न : परिपथातील एकूण विद्युतधारा काढा. ज्या घरात हा प्रश्न येतो, तिथे त्या संध्याकाळी वरणाला वेळेवर फोडणी बसत नाही.

एकसर जोडणीबद्दल कुणाचीच तक्रार नसते. तिथे बेरीज म्हणजे बेरीज. घोळ सगळा समांतरचा. 6 आणि 3 मिळून 9 व्हावेत ही आपली पहिलीपासूनची निष्ठा. इथे होतात 2. दोघांतल्या धाकट्यापेक्षाही कमी! पुतणीने याला सरळ फसवणूक ठरवलं. म्हटलं, ‘‘अगं, एसटी स्टँडवर दुसरी खिडकी उघडली, तिथला कारकून कितीही रेंगाळणारा असला, तरी रांग आधीपेक्षा भरभर सरकतेच ना?’’

‘‘काका, दुसरी खिडकी उघडते कधी?’’

भौतिकशास्त्राकडे याचं उत्तर नाही. तिनेच मग लसावि काढला. एक छेद सहा, अधिक दोन छेद सहा, बरोबर एक छेद दोन. आणि इथेच भलेभले गारद होतात : अपूर्णांक उलटा करायचा राहतो. तिने 2 मध्ये तो अर्धा मिळवला, 12 ला अडीचने भागलं आणि 4.8 अँपिअर या उत्तराला झोकात चौकोन केला. चुकीच्या उत्तराचा चौकोन नेहमीच जास्त रेखीव येतो. उलटा केला तर अर्ध्याचे होतात 2 ओहम, आधीचे 2, एकूण 4. म्हणजे 3 अँपिअर. त्यातला 1 सहाच्या वाटेने जातो, 2 तीनच्या. विरोध कमी तिकडे ओढा जास्त. हे राजकारणावरचं भाष्य नाही, विज्ञानच आहे.

ज्यांच्या नियमामुळे हे सगळं घडतं ते गेऑर्ग ओम स्वतः शाळामास्तर होते. 1827 साली त्यांनी पुस्तक काढलं, तेव्हा जर्मनीत त्याचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते 1841 मध्ये. मास्तरांचं म्हणणं पटायला वेळ लागतो, हे पुतणीला सांगितलं. तिलाही पटलं नाही.

‘‘घरात कुठे असलं काही जोडलंय?’’ वहिनींनी विचारलं. जोडलंय की! एक्स्टेन्शन बोर्डाची लांबलचक वायर हा पुढचा एकसर रोध आणि बोर्डावर लावलेली उपकरणं हे समांतर फाटे. उपकरण वाढलं की एकूण रोध घटतो, धारा वाढते आणि ती सगळी त्या एकाच वायरीतून जाते. आमच्या बोर्डावर 1000 वॅटची इस्त्री होती, शेजारी 1500 वॅटची किटली. वायरमन लसाविच्या भानगडीत पडत नाही. त्याने 2500 ला 230 ने भागलं : जवळजवळ 11 अँपिअर. सॉकेट 6 चं. उरलेली वायर वहिनींनी निगुतीने गुंडाळून रबरबँड लावून ठेवली होती. त्या वेटोळ्याला हात लावून त्याने तो झटकन मागे घेतला.

‘‘वहिनी, वायर तापतेय. तिला जरा मोकळं सोडा.’’

तेव्हा इस्त्री आणि किटली एका बोर्डावर लावू नका, वायरीचं वेटोळं करू नका. आणि दहावीला असाल, तर चौकोन करण्याआधी अपूर्णांक उलटा केलाय ना, तेवढं बघा.